विश्लेषण : टीव्हीच्या नकाशावर पालघर हरवते कुठे? केळव्याच्या किनाऱ्यावरून हवामानाचे ग्राफिक असे दिसते...

‘पालघरला ऑरेंज अलर्ट’ हे शब्द पावसाळ्यात कानावर पडले की केळव्यात पहिली नजर टीव्हीकडे आणि दुसरी मोबाइलकडे जाते. वडराई, सातपाटी, मुरब्यात बोट कधी लोटायची, पानवेलीच्या वाडीत पाणी साचेल का, शनिवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना निवास चालवणाऱ्याने काय सांगायचे, हे त्या नकाशावरून ठरवायचे असते. पण नकाशा दहा-बारा सेकंदांत जातो. त्यात पालघरचा रंग पिवळा होता की केशरी, आजचा होता की उद्याचा, यावर घरात दोन मते पडतात. दोष बघणाऱ्याच्या डोळ्यांचा असतोच असे नाही. डेस्कवरच्या मोठ्या मॉनिटरवर सुबक दिसणारे ग्राफिक टीव्हीपर्यंत आणि मग फोनपर्यंत पोहोचताना बरेच काही गमावते. त्यात सर्वाधिक नुकसान कोकणपट्टीचे होते.

पालघर जिल्हा स्क्रीनवर किती मोठा दिसतो?

महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार साधारण ८०० किलोमीटर. वृत्तवाहिनीच्या चौकटीत अर्ध्या भागात निवेदक आणि अर्ध्या भागात नकाशा अशी मांडणी नेहमीची. फोन उभा धरला तर आडव्या व्हिडीओची रुंदी जेमतेम पावणेसात सेंटिमीटर भरते. म्हणजे अख्खा महाराष्ट्र सुमारे ३४ मिलिमीटरमध्ये बसवायचा. केळव्याच्या किनाऱ्यापासून मोखाड्यापर्यंतचे पूर्व-पश्चिम अंतर ६५ किलोमीटरच्या आसपास. या हिशेबाने पालघर जिल्ह्याची रुंदी येते पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याच्या एका दाण्याएवढी. त्यावर जिल्ह्याचे नाव, रंग, ढगाचे चित्र आणि कधी कधी विजेची खूणही टाकलेली असते.

पुणे, नगर किंवा यवतमाळसारख्या ऐसपैस जिल्ह्यांना हे चालून जाते. कोकणातले जिल्हे उभे आणि अरुंद असल्याने तिथे चित्रच उरत नाही. उपाय महागडा नाही. कोकणाला इशारा असेल त्या दिवशी विदर्भासकट अख्खा महाराष्ट्र दाखवायचा हट्ट सोडायचा आणि डहाणू ते वेंगुर्ला एवढाच पट्टा उभा करून मोठा दाखवायचा. फोनच्या उभ्या चौकटीत तर कोकणासारखा आकार दुसरा शोधून सापडणार नाही. तरीही संपूर्ण राज्याचा नकाशाच दिसत राहतो, कारण त्याचा साचा तयार असतो आणि रंग तेवढे बदलायचे असतात.

चौकटीच्या कडेला असण्याचा तोटा कोणता?

नकाशा डाव्या बाजूला असेल तर पालघर जवळजवळ स्क्रीनच्या डाव्या कडेला टेकते. वर वाहिनीची ओळखपट्टी आणि घड्याळ, खाली दोन-तीन सरकत्या पट्ट्या. जुन्या टीव्ही संचांत चित्राच्या कडा खोक्याच्या चौकटीमागे जात. आजही अनेक सपाट टीव्ही कारखान्यातून येतानाच चित्र थोडे मोठे करून कडा कापण्याच्या सेटिंगवर असतात. म्हणून प्रसारणात ‘सुरक्षित क्षेत्र’ पाळतात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या शिफारशीप्रमाणे अक्षरे आणि आकृत्या चारही कडांपासून ५ टक्के आत ठेवायच्या. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चौकटीत हे अंतर बाजूंनी ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल होते.

हा नियम टीव्हीसाठी पुरत होता. आता तोच व्हिडीओ उभ्या चौकटीत कापून समाजमाध्यमांवर टाकला जातो. १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रातून उभी चौकट काढली की रुंदी उरते फक्त ६०७ पिक्सेल, म्हणजे मूळ चित्राचा मधला तिसरा हिस्सा. राज्याचा नकाशा पूर्ण चौकटभर असेल तर या कापणीत मराठवाडा शाबूत राहतो आणि कोकण बाहेर जाते. निवेदकाच्या तोंडी ‘पालघर, ठाणे, रायगड’ आणि चित्रात जालना, परभणी, बीड, असा प्रकार त्यातून घडतो. कापणारे सॉफ्टवेअर माणसाचा चेहरा शोधून तो मध्ये धरते. जिल्हा शोधणे त्याला सांगितलेले नसते.

पिवळा आणि केशरी यांत गल्लत का होते?

भारतीय हवामान विभागाचे चार रंग आता सगळ्यांना पाठ आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. यामागे पावसाच्या ठरलेल्या श्रेणी आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. रंग ठरवताना मिलिमीटरबरोबर शक्यता किती आणि परिणाम काय, याचाही विचार होतो.

व्हिडीओत प्रत्येक पिक्सेलची चमक साठवली जाते, रंग मात्र तितक्या बारकाईने साठवला जात नाही. जागा वाचवण्यासाठी चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना ठेवतात. माणसाचा डोळा चमकेतील फरक बारीक टिपतो आणि रंगातील फरक ढोबळ, म्हणून ही युक्ती चेहऱ्यांना आणि निसर्गदृश्यांना चालते. साबुदाण्याएवढ्या जिल्ह्याला ती चालत नाही. शेजारच्या जिल्ह्याचा रंग हद्द ओलांडून आत झिरपतो. नंतर व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवताना व्हिडीओ आणखी दाबला जातो आणि उरलासुरला फरकही पुसट होतो.

म्हणून दोन रंगांत चमकेचा फरक हवा. एचडी प्रसारणाच्या मानकात लाल, हिरवा आणि निळा यांचा चमकेतील वाटा साधारण २१, ७२ आणि ७ टक्के धरतात. त्या सूत्राने गणित केले तर शुद्ध पिवळ्याची चमक १०० पैकी ९३ येते, भडक हिरव्याची ७२, नेहमीच्या केशरीची ६८ आणि शुद्ध लालची २१. म्हणजे ‘इशारा नाही’ आणि ‘तयार राहा’ हे दोन रंग चमकेच्या हिशेबाने जवळजवळ सारखेच आहेत. नकाशाचा स्क्रीनशॉट घेऊन फोनमध्ये कृष्णधवल करून पाहिला तर ठाणे हिरवे आणि पालघर केशरी असतानाही दोन्ही एकाच करड्या छटेत दिसू शकतात. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट जाणवत नाही, त्यांची अडचण यापेक्षा फार वेगळी नसते, आणि अशी माणसे पुरुषांमध्ये अधिक आढळतात.

हवामान विभागाचे रंग बदलण्याचा अधिकार वाहिनीला नाही आणि तो असूही नये. पण हिरवा गडद किंवा फिका घेणे, जिल्ह्यांभोवती जाड पांढरी हद्द ओढणे आणि रंगाबरोबर ‘केशरी’ हा शब्द लिहिणे हे डेस्कच्या हातात आहे. शब्द लिहिला की रंग बिघडला तरी निरोप पोहोचतो.

वादळाचा मार्ग दाखवताना याहून वाईट चूक होते. निळ्या समुद्रावर लाल बाण ही चित्रवाणीची जुनी आवड. निळ्याची चमक ७, लालची २१. दोन्ही गडद, त्यात रंगाचा तपशील अर्धाच. परिणामी बाण धुरकट पट्ट्यासारखा दिसतो आणि त्याचे टोक किनाऱ्यावर नेमके कुठे टेकले ते सांगता येत नाही. बाणाला पांढरी किनार दिली की हा प्रश्न मिटतो.

देवनागरी अक्षरे का थरथरतात?

भारतातील बहुतेक प्रसारण अजून ‘अर्धचित्र’ पद्धतीने होते. सेकंदाला ५० अर्धी चित्रे जातात, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची. एकच ओळ जाडीची आडवी रेघ असेल तर ती सेकंदात २५ वेळा दिसते आणि २५ वेळा गायब होते. आजचे टीव्ही ही अर्धी चित्रे जोडून दाखवतात, तरी बारीक आडव्या रेघांची थरथर पूर्ण जात नाही.

इंग्रजी ग्राफिकमध्ये हा त्रास आलेखाच्या जाळीपुरता असतो. मराठीत मात्र प्रत्येक शब्दावर एक आडवी रेघ आहेच! बारीक वळणाचा फॉन्ट घेतला की शिरोरेषा थरथरते, वरच्या मात्रा आणि अनुस्वार तिच्यात विरघळतात, खालचे उकार पट्टीच्या कडेला छाटले जातात. त्यात बऱ्याच मराठी वृत्तवाहिन्या घरात एसडी रूपात पोहोचतात. १०८० ओळींचे चित्र ५७६ ओळींत उतरले की दोन पिक्सेलची रेघ एकीवर येते. म्हणजे डेस्कवर दोन पिक्सेल जाड दिसणारी शिरोरेषा सातपाटीच्या घरात थरथरणारी असू शकते. चार पिक्सेलचा नेम ठेवला तर ती दोन्हीकडे तगते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांची जाड वळणे उपलब्ध आहेत. तेव्हा चांगला मराठी फॉन्ट मिळत नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही.

अक्षराच्या आकाराचेही गणित सोपे आहे. उभ्या धरलेल्या फोनवर आडव्या व्हिडीओची उंची ३८ मिलिमीटर भरते. अक्षर तिथे किमान दोन मिलिमीटरचे हवे असेल तर मूळ चौकटीत ते ५७ पिक्सेलच्या आसपास लागते. मराठी अंकांत १ आणि ९ म्हणजे ‘१’ आणि ‘९’ लहान आकारात एकमेकांसारखे दिसतात, हे आणखी एक. ‘१ जून’ आणि ‘९ जून’ यांत बोटवाल्याचा आठवडा जातो.

‘निसर्ग’च्या वेळी रेषा अलिबागला होती. मग केळवे मोकळे होते का?

जून २०२० च्या सुरुवातीला निसर्ग चक्रीवादळ येत असताना हवामान विभागाने ते ‘हरिहरेश्वर ते दमण दरम्यान, अलिबागजवळ’ किनारा ओलांडेल असे सांगितले होते. हरिहरेश्वर ते दमण हे सरळ रेषेतले अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे आणि केळवे या टप्प्यातच येते. ग्राफिकमध्ये मात्र लक्ष वेधते ती मधली रेषा. वाक्यातला ‘दरम्यान’ चित्रात येईपर्यंत गळतो आणि ‘अलिबाग’ तेवढे उरते. ३ जूनच्या दुपारी वादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. अंदाज खरा ठरला. पण आदल्या दिवशी केळव्यात बसलेल्याला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. अलिबाग तिथून सुमारे १०० किलोमीटरवर, आणि रेषा तेवढी सरकणे हवामानशास्त्रात अशक्य मानत नाहीत.

रेषेभोवती जो पसरत जाणारा शंकू काढतात, तो वादळाच्या केंद्राची संभाव्य जागा सांगतो. आधीच्या अंदाजांत सरासरी किती चूक झाली यावरून त्याची रुंदी ठरते. वादळाचा आकार त्यात नसतो. त्यामुळे शंकूच्या बाहेर आहोत म्हणून वारा लागणार नाही, हा समज चुकीचा. पुढच्याच वर्षी त्याचा पुरावा मिळाला. तौक्ते चक्रीवादळाने १७ मे २०२१ च्या रात्री सौराष्ट्रात दीवजवळ किनारा गाठला. कोकणात त्याचे केंद्र कुठेही जमिनीवर आले नाही. तरी त्याच दिवशी मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ ही दुसरी बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतली, तिच्यावरील १३७ जणांना वाचवण्यात आले. वादळ म्हणजे रेषा असती तर यांतले काहीच घडले नसते.

शंकू दाखवायला डेस्क कचरते त्यामागे एक साधे कारण आहे. शंकू पारदर्शक पांढरा असतो, खाली ढगांचे पांढरे उपग्रहचित्र असते आणि व्हिडीओ दाबला की दोन्ही एक होतात. मागचे उपग्रहचित्र काढून साधा सपाट समुद्र ठेवला तर शंकू ठळक दिसेल. पण फिरणारे ढग काढायला कोणी तयार होत नाही, कारण प्रेक्षक थांबतो तो त्या ढगांमुळे.

‘४.८ मीटरची भरती’ म्हणजे तेवढी लाट का?

अजिबात नाही, आणि ही चूक दर पावसाळ्यात होते. मुंबई महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. पडद्यावर त्या आकड्याबरोबर मरीन ड्राइव्हवर उसळणारी लाट दाखवली जाते. भरतीचा आकडा म्हणजे सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या एका पायाभूत पातळीपासून पाण्याची उंची. लाट त्यावर वेगळी येते. लाटांच्या उंचीचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. मुंबईच्या भरतीचे वेळापत्रक केळव्याला जसेच्या तसे लावणेही बरोबर नाही, कारण खंभातच्या आखाताकडे जावे तशी भरती-ओहोटीची तफावत वाढत जाते आणि वेळही थोडी बदलते. सुट्टीला समुद्रात उतरणाऱ्याला ग्राफिकमधून हवे असते ते एवढेच : पाणी किती वाजता चढेल, किती वाजता उतरेल आणि त्या वेळी लाटा किती असतील. त्या जागी चार मीटरच्या लाटेचे चित्र दाखवले, की किनाऱ्यावर शांत पाणी पाहणारा इशाराच खोटा ठरवतो.

अशीच एक गाळणी मच्छीमारांच्या बाबतीत होते. जिल्ह्याचा रंग जमिनीवरच्या परिणामांसाठी असतो. समुद्रात जाण्याबाबतचा इशारा हवामान विभाग स्वतंत्र देतो. पालघर जिल्हा नकाशावर हिरवा असू शकतो आणि त्याच दिवशी उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वाऱ्यामुळे बोटी नेऊ नका, असे पत्रक निघालेले असू शकते. टीव्हीच्या नकाशात समुद्र फक्त निळा असतो, त्याला इशाऱ्याचा रंग देण्याची पद्धतच नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात हे खपते. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्यावर आणि विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते खपत नाही. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान कोकणातील मच्छीमार कुटुंबे विसरलेली नाहीत.

नकाशावर तारीख कुठे शोधायची?

हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्यामुळे मंगळवारी सकाळी ‘२४ तासांत इतका पाऊस’ म्हणून जो स्तंभ दाखवतात, त्यातला बहुतेक पाऊस सोमवारी पडलेला असतो. पाच दिवसांचे पाच नकाशे एकामागून एक सरकवले की कोणता आजचा, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. वेळ लिहिलेली असते, पण बहुधा कोपऱ्यात आणि बारीक. स्क्रीनशॉट काढणारा कोपरा कापून नकाशा पुढे पाठवतो. मग गेल्या वर्षीचा लाल नकाशा यंदा जुलैमध्ये गावाच्या ग्रुपवर फिरतो.

तारीख आणि मुदत नकाशाच्या आत, अरबी समुद्राच्या रिकाम्या निळ्या जागेत लिहिली तर ती कापता येणार नाही. महाराष्ट्राच्या नकाशात एवढी मोकळी जागा दुसरीकडे नाही आणि ती नेमकी पालघरच्या शेजारी आहे.

फोनवर नकाशा आला तर काय पाहावे?

आधी तारीख. ती नसेल तर नकाशा पुढे पाठवू नये. मग जिल्ह्याचे नाव आणि रंग शब्दांत लिहिला आहे का ते पाहावे, केवळ रंगावर विसंबू नये. शंका आल्यास हवामान विभागाच्या मुंबई प्रादेशिक केंद्राच्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय इशारा मिळतो, आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही वेगळा असतो. एक मर्यादा मात्र तिथेही राहते. पालघरला रंग एकच मिळतो. समुद्राला लागून असलेले केळवे आणि सह्याद्रीच्या अंगाला असलेले जव्हार-मोखाडा यांचा पाऊस वेगळा असला तरी नकाशात दोन्ही एकाच रंगाने भरलेले असतात. तिथे पत्रकातले पुढचे वाक्य वाचावे लागते. ‘घाट भागात’ असे शब्द असतील तर तो इशारा आधी जव्हारकडच्या डोंगरपट्ट्यासाठी आहे, आणि ‘किनाऱ्यालगत’ असेल तर केळव्यासाठी.